ओडेसातला एक पीसी आणि न्हावा शेव्याचं गेट : मर्स्कवरच्या जून २०१७ च्या सायबर हल्ल्याचं प्रकरण

मर्स्क म्हटलं की आपल्याला आठवतो तो कंटेनरवरचा निळा चौकोन आणि त्यातला सात टोकांचा पांढरा तारा, आणि बहुतेकांना वाटतं की ही एक जहाज कंपनी आहे. तसं नाहीये. हा गोतावळा आहे. १९०४ साली डेन्मार्कच्या स्वेंडबोर्ग गावात बापलेकांनी एक सेकंडहँड वाफेचं जहाज घेऊन सुरू केलेला धंदा वाढत वाढत २०१७ पर्यंत इतका पसरला की जहाजांसाठी मर्स्क लाइन, बंदरातल्या टर्मिनलांसाठी एपीएम टर्मिनल्स, फॉरवर्डिंग (माल पोचवण्याची व्यवस्था) आणि वेअरहाउससाठी डॅम्को, जहाजं ओढणाऱ्या टगबोटींसाठी स्विट्झर, रीफर म्हणजे थंड मालाचे कंटेनर बनवायला मर्स्क कंटेनर इंडस्ट्री, आणि शिवाय तेलाच्या बाजूला मर्स्क ऑइल, मर्स्क ड्रिलिंग, मर्स्क टँकर्स, मर्स्क सप्लाय सर्व्हिस अशी सगळी भावंडं. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की आता घराचे दोन भाग करायचे, वाहतूक आणि लॉजिस्टिक्स एकीकडे, एनर्जी दुसरीकडे, आणि वाहतुकीच्या भागातल्या कंपन्यांना एकमेकींच्या आणखी जवळ आणायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

आपला संबंध कुठे, तर न्हावा शेव्यात. जेएनपीटीमधलं, म्हणजे तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं, गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे सगळे ज्याला जीटीआय म्हणतात ते, २००६ पासून चालू आहे, त्यात एपीएम टर्मिनल्सचे ७४ टक्के आणि आपल्या सरकारी कॉनकॉरचे (कंटेनर कॉर्पोरेशन) २६ टक्के. ७१२ मीटरचा धक्का आणि वर्षाला साधारण १८ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) हाताळायची क्षमता. कायद्याने ही भारतात नोंदलेली वेगळी कंपनी, वेगळे डायरेक्टर, वेगळा ताळेबंद, टर्मिनल चालवायचा जेएनपीटीशी वेगळा कन्सेशन करार. कोपनहेगनच्या कंपनीने उद्या कुठे कर्ज बुडवलं तर जीटीआयच्या क्रेन कोणी उचलून नेणार नाही, हा वेगळी कंपनी काढण्याचा फायदा. पण कॉम्प्युटर नेटवर्कला कंपनी कायदा कळत नाही. चुली वेगळ्या होत्या पण विहीर एकच होती, आणि त्या विहिरीत काय पडलं त्याची ही केस.

२७ जून २०१७, मंगळवार. दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन, सुट्टी. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर चालतं, आपल्याकडे टॅली आणि रिटर्न भरायची सॉफ्टवेअरं चालतात तसंच, तिकडे धंदा करायचा, टॅक्स भरायचा तर ते बहुतेकांकडे असतंच. कीव्हमधली एक छोटी घरगुती फर्म ते बनवायची. रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या हॅकरांनी त्या फर्मच्या अपडेट सर्व्हरमध्ये आधीच घुसून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी नेहमीच्या अपडेटच्या रस्त्याने त्यांनी एक प्रोग्राम सोडला. नंतर त्याला नॉटपेट्या नाव पडलं. निशाणा युक्रेन होता, मर्स्क त्यांच्या खिजगणतीतही नसावी. पण ओडेसा हे काळ्या समुद्रावरचं मोठं बंदर, तिथं मर्स्कचं ऑफिस, आणि त्या ऑफिसमधल्या फायनान्सच्या एका साहेबांनी आयटीवाल्यांना सांगून एका पीसीवर एम.ई.डॉक टाकून घेतलेलं. एका पीसीवर. नियमाप्रमाणेच, टॅक्स भरण्यासाठी. कोणी फिशिंगच्या लिंकवर क्लिक केलं नाही, कोणी पेनड्राइव्ह लावला नाही, त्यामुळे "कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्या" हा आपल्या आवडीचा उपाय इथं लागूच पडत नाही.

पुढचं काम दोन हत्यारांनी केलं. एक इटर्नलब्ल्यू, मूळ अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं, जे एप्रिल २०१७ मध्ये चोरट्यांनी इंटरनेटवर उघडं टाकलं. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच दिला होता, आणि मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता, म्हणजे इशारा मिळालेला होता. दुसरं मिमीकॅट्झ, जे विंडोजच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलतं. गंमत बघा, पॅच मारलेलं मशीन असलं तरी त्यावर जर ॲडमिनचा पासवर्ड चालत असेल आणि तो पासवर्ड शेजारच्या पॅच न मारलेल्या मशीनमधून मिळाला असेल तर पॅचचा उपयोग शून्य. वर स्क्रीनवर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या असा मेसेज, पण ते नाटक होतं, पैसे भरून फाइली परत मिळायची सोयच नव्हती आणि खंडणीसाठी दिलेला ईमेल पत्ता तर त्या मेल कंपनीने पहिल्याच दिवशी बंद केला. ही खंडणी नव्हती, हा निव्वळ विध्वंस होता.

कोपनहेगनच्या हेडऑफिसात त्या दुपारी लोक कॉरिडॉरमधून पळत होते, मीटिंगमध्ये घुसून कॉम्प्युटर बंद करा, केबल उपटा म्हणून ओरडत होते. सगळं जागतिक नेटवर्क तोडायला दोन तासांहून जास्त वेळ लागला आणि तोपर्यंत जे जायचं ते गेलं होतं. डेस्कवरचे फोनही नेटवर्कवरचे, तेही गेले.

आता बंदराकडे येऊ, कारण माझ्या मते या प्रकरणाचा खरा जीव तिथं आहे आणि सायबरवाल्यांच्या लेखांमध्ये नेमकं तेच दोन ओळीत उरकलेलं असतं.

एपीएमच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठप्प झाली. लॉस एंजेलिस, न्यूजर्सीमधलं पोर्ट एलिझाबेथ, रॉटरडॅम, स्पेनमधलं अल्जेसिरास आणि आपलं जीटीआय. जहाजांवरचे कॉम्प्युटर ठीक होते, जहाज येत होतं, धक्क्याला लागत होतं. क्रेनही मोडलेली नव्हती. मग अडलं कुठे? जहाज येण्याआधी त्याची एक फाइल येते, या धंद्यात तिला बॅपली म्हणतात, त्यात जहाजाच्या कुठल्या खणात कुठला डबा (कंटेनर) आहे, वजन किती, कुठे उतरवायचा, आत केमिकल आहे का, रीफर असेल तर तापमान किती ठेवायचं हे सगळं असतं. ती फाइल वाचणारं टर्मिनलचं सॉफ्टवेअर पुसलं गेलेलं. म्हणजे समोर हजारो डब्यांचा डोंगर उभा आहे आणि त्यातला कुठला डबा तुमच्याकडे उतरायचा आणि कुठला पुढे कोलंबोला जायचा ते कोणालाच माहीत नाही.

यार्डात त्याहून वाईट. ज्यांनी टर्मिनल आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, यार्डात डबे एकावर एक पाच-पाच रचलेले असतात आणि तुमचा डबा कुठल्या ब्लॉकमध्ये, कुठल्या रांगेत, कितव्या थरावर हे कुठल्याही माणसाच्या डोक्यात नसतं, ते फक्त टर्मिनल ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतं. आरटीजीच्या, म्हणजे यार्डातल्या चाकांवरच्या क्रेनच्या, ऑपरेटरला त्याच्या केबिनमधल्या स्क्रीनवर एकेक हालचालीचा हुकूम येतो. स्क्रीन गेला की पन्नास फूट उंचीवर बसलेल्या त्या माणसाला खाली फक्त रंगीत पत्रे दिसतात. मग खाली एक माणूस वही घेऊन फिरणार, डब्यावरचा अकरा अक्षरांचा नंबर वाचणार, लिहिणार, ओरडून सांगणार. होतं काम, होत नाही असं नाही, पण पूर्वी हातानेच चालायचं ना असं जे म्हणतात त्यांनी पूर्वी धक्क्यावर किती माल यायचा तेही बघावं.

जीटीआयमध्ये तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सरकारी निवेदन आलं, जेएनपीटीने सांगितलं की एक टर्मिनल बाधित आहे, हाताने काम चालू आहे, येणाऱ्या ट्रेलरांसाठी पार्किंगची व्यवस्था करतोय. तेव्हाच्या बातम्यांनुसार त्या टर्मिनलचं काम एक तृतीयांशावर आलं होतं. शेजारी जेएनपीटीचं स्वतःचं टर्मिनल आणि डीपी वर्ल्डचं टर्मिनल व्यवस्थित चालू, कारण ती दुसऱ्या घरची. आणि इथंच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, जीटीआयच्या धक्क्याला फक्त मर्स्कची जहाजं लागत नाहीत, इतर लाइनची, म्हणजे जहाज कंपन्यांचीही लागतात. म्हणजे नाशिकचा एखादा कांद्याचा एक्स्पोर्टर ज्याने मर्स्ककडे बुकिंगच केलेलं नाही, ज्याचा या घराशी काही संबंध नाही, त्याचाही डबा अडकू शकत होता, कारण त्याच्या लाइनने जहाज या धक्क्याला लावायचा करार केलेला. त्याने कितीही पारखून लाइन निवडली तरी धक्का त्याने निवडलेला नसतो.

वर तो आठवडा कुठला तर १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होणार होता. सगळ्या सीएचएंचं, म्हणजे कस्टम एजंटांचं, अर्धं डोकं जीएसटी नंबर आणि नव्या शिपिंग बिलाच्या फॉर्मॅटमध्ये, कारखानदारांना जुन्या टॅक्समध्ये जेवढा माल ३० जूनच्या आत बाहेर पडेल तेवढा काढायची घाई, पाऊस सुरू झालेला, आणि त्यात डबा गेटमधून आत घ्यायला लागणारा फॉर्म तेरा निघत नाही. करळ फाट्यापासून पुढे ट्रेलरांची रांग हे उरणकरांना काही नवीन नाही, तिकडची रांग कधी कुठल्या कारणाने लागली हे नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही, पण ट्रेलर उभा राहिला की त्या दिवसाचं डिटेन्शन, म्हणजे थांबण्याचं भाडं, कोणाच्या बोकांडी हा वाद मात्र प्रत्येक वेळी तसाच.

न्यूजर्सीतही हेच चित्र. पोर्ट एलिझाबेथच्या गेटवरचा क्लार्क गप्प, शेकडो ट्रक बाहेर, आणि मर्स्ककडून काही कळतच नाही कारण मेल बंद. पोर्टने शेवटी गेट दिवसभर बंद राहणार असं जाहीर केलं. तिथल्या लोकांनी रीफर माल मिळेल त्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेला, काहींनी कारखाना थांबू नये म्हणून विमानाने दुप्पट-तिप्पट पैसे देऊन माल पाठवला.

बुकिंगचं तर विचारू नका. मर्स्क लाइनची वेबसाइट बंद, म्हणजे जगातल्या कंटेनर क्षमतेच्या सुमारे सहाव्या भागासाठी नवीन ऑर्डर घेणारी खिडकीच बंद. दोन दिवसांत इंट्रा या बाहेरच्या पोर्टलवरून बुकिंग घ्यायला सुरुवात झाली, कारण ते पोर्टल मर्स्कच्या नेटवर्कवर नव्हतं. कर्मचाऱ्यांनी स्वतःचे जीमेल, व्हॉट्सॲप, एक्सेल शीट वापरून कामं केली. एरवी खाजगी जीमेलवरून कस्टमरचं काम केलं तर आयटी पॉलिसी मोडली म्हणून मेमो मिळेल. त्या आठवड्यात त्याच पॉलिसीबाहेरच्या गोष्टींनी कंपनीला तारलं.

आणि सावरलं कसं? इंग्लंडमध्ये मेडनहेडला एका इमारतीत वॉररूम उघडली, डेलॉइटची माणसं मदतीला, जगभरातून मर्स्कचे आयटीवाले विमानाने बोलावले, जवळच्या दुकानांमधले लॅपटॉप आणि वायफायचे डोंगल उचलून आणले. बहुतेक सर्व्हरांचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप सापडले. सापडला नाही तो डोमेन कंट्रोलरचा. हा म्हणजे नेटवर्कमधल्या कोणाला कुठे प्रवेश आहे याची सगळी नोंद ठेवणारा सर्व्हर, तो नसेल तर बाकीचे बॅकअप असून उपयोग नाही. मर्स्ककडे असे सुमारे १५० होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घ्यायचे, त्यामुळे हिशोब असा की एक गेला तर दुसरा आहेच, वेगळा बॅकअप कशाला. सगळेच्या सगळे एकाच वेळी जातील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. हल्ल्यात ते सगळे गेले, एक सोडून. घानाच्या ऑफिसातला एक वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती आणि तो बंद पडलेला होता! लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्या लोकांना यात जरा गुदगुल्या होतात हे खरं. मग तिथलं इंटरनेट इतकं हळू की शेकडो जीबीचा डेटा पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, घानाच्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, म्हणून तिथला माणूस हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्या माणसाच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला.

जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मर्स्कचे चेअरमन जिम हेगेमान स्नाबे यांनी आकडे सांगितले, ४,००० सर्व्हर, ४५,००० पीसी आणि २,५०० ॲप्लिकेशन दहा दिवसांत नव्याने उभी केली, आणि एवढं होऊन मालाची घट फक्त २० टक्के. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या माणसांच्या मेहनतीला खरंच दाद द्यावी लागेल. पण मला ही पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते ते पटत नाही. नंतर छापून आलेल्या मुलाखतींमध्ये मर्स्कच्या माजी कर्मचाऱ्यांनी सांगितलंय की काही सर्व्हर २०१७ मध्येही विंडोज २००० वर चालत होते, नेटवर्कचे कप्पे पाडा ही मागणी आधीच झाली होती, २०१६ मध्ये त्याचा आराखडा मंजूर झाला, बजेटही मिळालं, पण ते काम आयटीच्या वरिष्ठांच्या केपीआयमध्ये, म्हणजे कामगिरी मोजायच्या निकषांमध्ये, घातलं नव्हतं. म्हणजे केलं तर बोनस नाही, नाही केलं तर कोणी विचारणार नाही. मग ते झालं नाही. भारतातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला याचं अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

या केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती २८ जूनच्या कंपनीच्या साध्या निवेदनात आहे. त्यात म्हटलंय की मर्स्क ऑइल, मर्स्क ड्रिलिंग, मर्स्क सप्लाय सर्व्हिस, मर्स्क टँकर्स, मर्स्क ट्रेनिंग, स्विट्झर आणि मर्स्क कंटेनर इंडस्ट्री यांच्या कामावर परिणाम नाही. बाधित कोण, तर मर्स्क लाइन, एपीएम टर्मिनल्स आणि डॅम्को. यादी नीट बघा. ज्या तिघींना एकत्र आणून कस्टमरला फॅक्टरीपासून गोदामापर्यंत एकाच खिडकीतून सेवा द्यायची असं ठरलं होतं, त्याच तिघी पडल्या. टगबोटींची स्विट्झर त्याच वाहतुकीच्या भागात असून वाचली, कारण टगला कंटेनर बुकिंगशी फारसं बोलावंच लागत नाही. म्हणजे कोण कुठल्या होल्डिंगखाली, कोणाचा डायरेक्टर कोण, यावरून नुकसान ठरलं नाही, डेटा कोण कोणाशी वाटून घेतं यावरून ठरलं. ॲन्युअल रिपोर्टमधला तो चौकोन आणि रेघांचा ग्रुप स्ट्रक्चरचा तक्ता धोका मोजायला निरुपयोगी होता, आणि कॉनकॉरसारख्या २६ टक्केवाल्या भागीदाराने गुंतवणूक करताना तोच तक्ता बघितलेला असणार, कारण तेव्हा सगळे तोच बघायचे.

पैशाचं काय झालं? मर्स्कने बऱ्याच मोठ्या कस्टमरांना माल दुसऱ्या रस्त्याने नेण्याचा, ठेवण्याचा खर्च भरून दिला. ट्रकवाल्यांना मात्र फारसं काही नाही, न्यूजर्सीच्या ट्रकवाल्यांच्या संघटनेने आपलं न भरून निघालेलं नुकसान कोट्यवधी डॉलरमध्ये सांगितलं. विम्याची तर वेगळीच कथा. याच हल्ल्यात सापडलेल्या मोंडेलीझ (खाद्यपदार्थ) आणि मर्क (औषधं) या कंपन्यांना त्यांच्या विमा कंपन्यांनी हे युद्धाचं कृत्य आहे, पॉलिसीत बसत नाही असं सांगितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियाच्या लष्कराचं नाव उघड घेतलंच होतं, ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्रही ठेवलं. मर्कच्या बाजूने न्यूजर्सीच्या कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये निकाल दिला, २०२३ मध्ये अपिलातही तोच टिकला, नंतर तडजोड झाली, मोंडेलीझचीही झाली. पण विमावाले शहाणे झाले, लंडनच्या लॉइड्सने ३१ मार्च २०२३ पासून सायबर पॉलिसीत सरकारपुरस्कृत हल्ले वगळायचं कलम सक्तीचं केलं. तेव्हा पुढच्या वेळी मर्स्कच्या जागी असणाऱ्याला ही वाटही तितकी मोकळी नाही.

इतरांनी यातून काय घेतलं ते दोन उदाहरणांत दिसतं. जुलै २०१८ मध्ये कॉस्को या चिनी जहाज कंपनीच्या अमेरिकेतल्या नेटवर्कवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी लगेच बाकीच्या भागांशी जोडणी तोडली, जगभरातली जहाजं चालू राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीपी वर्ल्ड ऑस्ट्रेलियाने घुसखोरी कळताच स्वतःहून इंटरनेट तोडलं, त्यामुळे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, फ्रीमँटलची गेटं तीन दिवस बंद आणि सुमारे ३०,००० डबे अडकले, पण इतर देशांमधल्या टर्मिनलांपर्यंत ते पोचलं नाही. दुखलं, पण एकाच देशात दुखलं.

आणि मर्स्क? सुरक्षेवर त्यांनी नंतर भरपूर खर्च केला, कप्पे पाडले, डबल लॉगिन आणलं. पण घराची दिशा तीच राहिली. मर्स्क ऑइल टोटल या तेल कंपनीला विकली, टँकर्स मालक घराण्याच्या होल्डिंगकडे गेली, ड्रिलिंग २०१९ मध्ये वेगळी झाली, स्विट्झर २०२४ मध्ये. म्हणजे २०१७ ला जी भावंडं वाचली होती त्यातली बहुतेक एकेक करून घराबाहेर पडली. उलट डॅम्कोचं नाव २०२० मध्ये संपवून तिचं काम मर्स्कमध्येच घेतलं, सफमरीन हे घरातल्याच जहाज कंपनीचं नाव गेलं, विकत घेतलेल्या हॅम्बुर्ग सूदचं नावही काढायचं २०२३ मध्ये ठरलं. आता कंटेनर, टर्मिनल, गोदाम सगळं एका लॉगिनवर, आणि कस्टमरला तेच हवंय.